पहिले हजार किलोमीटर

३ ऑक्टोबर

माझ्या मास्तरणीने बजावून ठेवलंय की परवाना हातात आला म्हणजे गाडी आली असं समजायचं नाही. पहिले हजार किलोमीटर वहीत लिहायचे. किती चालवली, कुठे चालवली, काय चुकलं. "काकू, हजार होईपर्यंत स्वतःबद्दल काही मत बनवायचं नाही. चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही," असं ती म्हणते. ती सत्तावीस वर्षांची आणि मी एकसष्टची, पण गाडीत ती सांगेल ती पूर्व दिशा. आजवर २१२ झाले. मागची पानं बघितली तर बाजार, दवाखाना, बाजार, दवाखाना. उद्यापासून लांबचा प्रवास, म्हणून नवं पान घेतलं.

ह्यांनी चौतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. रस्त्याने चाललं की निम्मे लोक ह्यांना "मास्तर" म्हणून हात करायचे. आणि त्यांची बायको या वयात गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, परक्या शाळेत शिकायला गेली. ह्यांच्या ओळखीतल्या कुणाकडे गेले असते तर मास्तरांच्या बायकोची गाडी चढावर बंद पडते, हे आठ दिवसांत सगळीकडे झालं असतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी ह्यांना एकदा म्हटलं होतं, मलाही शिकवा. तर म्हणाले, "नको. घरचं माणूस शिकवायला घेतलं की दोन्हीकडचं बिघडतं." मी तेव्हाच कानाला खडा लावला. छत्तीस वर्षं मागच्या सीटवर बसले.

दीड वर्षापूर्वी ह्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेलं. डावी बाजू शाबूत आहे. समजतं सगळं. शाळा बंद झाली, गाड्या विकल्या, एक जुनी पांढरी तेवढी राहिली. दारावरचं शाळेचं नाव खरवडून काढलंय, तरी तिरप्या उन्हात ते वाचता येतं.

ती शिकाऊ गाडी आहे, म्हणजे डावीकडच्या सीटसमोरही ब्रेक आणि क्लच आहे. दोन्हीकडची पेडलं एकाच दांड्याला जोडलेली. इकडचं दाबलं की तिकडचंही खाली जातं. मी ती डावीकडची काढून टाकायला निघाले होते, पण ह्यांनी मेकॅनिककडे असं काही बघितलं की तो बिचारा पाना खाली ठेवून चहाला गेला.

जायचंय सरोवरावर. शाळेच्या ऑफिसात ह्यांच्या खुर्चीमागे त्याचं मोठं चित्र होतं. कधीकाळी तिथला डोंगर आग ओकत होता, आता त्याच्या तोंडात पाणी भरलंय. निळंशार, मधे डाव्या हाताला एक लहानसं बेट. कुणी विचारलं की हे म्हणायचे, "एकदा जायचंय." चौतीस वर्षांत ते एकदा आलं नाही.

दुसरी गोष्टही लिहिते. लिहायचीच नसेल तर वही कशाला. मुलाने एका शुश्रूषा केंद्राचा फॉर्म पाठवलाय. मी जाऊन बघून आले. तळमजल्यावरची खोली, खिडकीबाहेर बाग, चोवीस तास नर्स, फरशीवर कुठे डाग नाही. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. ह्यांना समजतं म्हणून सही ह्यांचीच लागते. तो फॉर्म गाडीच्या कप्प्यात नकाशाखाली ठेवलाय, ह्यांच्याच गुडघ्यासमोर. सरोवर दाखवून झालं की सांगणार आहे. ऑगस्टमध्ये ह्यांना न्हाणीघरातून उचलताना माझी पाठ धरली आणि तीन आठवडे मी वाकून चालत होते. मी थकले. एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं.

४ ऑक्टोबर
९६ किलोमीटर. एकूण ३०८.

आठला निघालो. गावाबाहेरचा मोठा चौक म्हणजे माझं जुनं दुखणं. पाच रस्ते, आणि पाचही रस्त्यांवरच्या लोकांना वाटतं की आपलाच रस्ता मोठा. आज मी थांबले, दोन ट्रक जाऊ दिले, जागा बघितली आणि एका दमात बाहेर पडले. कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात माझ्या पायाखाली ब्रेक हलला. ठक ठक. दोनदा, हलके. बघते तर ह्यांचा डावा पाय पेडलवर.

चौक संपल्यावर ब्रेक! आधी दाबला असता तर समजलं असतं.

पुढे एक लांबलचक ट्रेलर होता. आरशात बघितलं, बाजूचा दिवा लावला, पुढे गेले, परत आपल्या ओळीत आले. सगळं मास्तरणीच्या पद्धतीने. पुन्हा ठक ठक. आता यात कुणाचं काय चुकलं होतं ते कुणी मला सांगावं.

एकदा मात्र चूक माझी होती. मी एका दुकानाची पाटी वाचत होते आणि पुढून सायकलवाली बाई आडवी आली. तेव्हा ह्यांनी एकदाच दाबला, पण असा लांब की गाडी जागच्या जागी उभी राहिली. ती बाई काहीबाही बोलून गेली. तेवढं एक मान्य.

दिवसभरात सात वेळा ब्रेक. मी मोजले. चुकांची वही आहे, तर ह्यांच्याही लिहाव्यात.

दुपारी रस्त्याकडेच्या खाणावळीत सूप आणि पाव घेतला. मी भरवते तेव्हा लोक आधी बघतात आणि मग न बघितल्यासारखं करतात. जेवण झाल्यावर ह्यांनी टेबलाखाली दोनदा पाय वाजवला. ही खोड जुनी, लग्नापासूनची. जेवण संपलं की टेबलाखाली ठक ठक. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, अगं घोडा आहे तो. मी आजही सवयीने म्हटलं, "पाय हलवू नका." एवढ्या वर्षांत "छान झालंय" असं काही ह्यांच्या तोंडून निघाल्याचं आठवत नाही. पाय तेवढा वाजतो.

मुक्कामाची खोली बरी आहे. घरी रेडिओ असतो. इथे तोही नाही. शेजारच्या खोलीत एक जोडपं गरम पाण्यावरून भांडतंय आणि मी कान देऊन ऐकतेय. भांडायलाही दोन माणसं बोलती लागतात.

५ ऑक्टोबर
११८ किलोमीटर. एकूण ४२६.

आज अकरा वेळा. अकरा!

सकाळच्या तासाभरात पाच झाले. अरुंद गल्लीतून निघाले, ठक ठक. पेट्रोल पंपावर गाडी बरोबर नळीच्या बाजूला लावली, ठक ठक. चढावर थांबून पुन्हा निघाले, गाडी इंचभर मागे गेली नाही, तरी ठक ठक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गाडी बाजूला घेतली आणि बोलले. गाडी तुमची असली तरी स्टिअरिंग माझ्या हातात आहे, म्हटलं. जन्मभर मागे बसवलंत, आता पुढे बसलेय तेही बघवत नाही का? विश्वास नसेल तर उतरा, मी बस बघून देते.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीतून बाहेर. बोलू न शकणाऱ्या माणसाला असं बोलायचं म्हणजे बांधून ठेवलेल्याला मारल्यासारखं, आणि मला ते बोलतानाच कळत होतं.

त्यानंतर वीस किलोमीटर पाय हलला नाही. सुटले असं वाटायला हवं होतं. उलट गाडीत आणखी एक माणूस कमी झाल्यासारखं वाटलं.

मग तो पूल आला. एक गाडी जाईल एवढाच रुंद, आणि मी मध्यावर असताना समोरून बस. बसवाला मागे सरायला तयार नाही. म्हणजे मलाच मागे यायचं, चाळीस मीटर तरी, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा कठडा. मास्तरणीने मागे घेणं शिकवलंय ते रिकाम्या मैदानात, प्लास्टिकचे डबे मांडून. मी जीव मुठीत धरून आले. आरसा, मागची काच, पुन्हा आरसा. कठड्याला कुठेही घासली नाही. बस निघून गेली, बसवाल्याने हात केला.

आणि ह्यांनी ब्रेक दाबला. दोनदा, इतका हलका की नीट लक्ष नसतं तर कळलाही नसता.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. रागाने रडले. आणखी काय करून दाखवायचं होतं मी?

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, बाबांची सही झाली का?"
"सरोवर बघून झाल्यावर."
"खोली थांबणार नाही गं. आणि तू पुष्कळ केलंस. कुणी तुला काही म्हणणार नाही."
मी म्हटलं, "हो." त्याचं काही चुकत नाही. तो लांब आहे, त्याचं लेकुरवाळं घर आहे, आणि फोन करायचा कधी चुकवत नाही. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं की हे तिकडे गेल्यावर संध्याकाळी सहा ते नऊ मी काय करायचं? पाठ तर बरी होईल. बरी झालेली पाठ घेऊन मी काय करू, ते मात्र मुलाने सांगितलं नाही.

६ ऑक्टोबर
७४ किलोमीटर. एकूण ५००.

निम्मे झाले. आज घाट होता. बावीस वळणं. प्रत्येक वळणाला लोखंडी पाटीवर आकडा रंगवलेला आहे, म्हणजे माणसाला किती उरलीत ते कळावं आणि आणखी धडकी भरावी. मी दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न देत, शिकवल्याप्रमाणे बाहेरून आत घेत चढले. मागून येणाऱ्यांना वाट दिली. सतराव्या वळणावर गाय बसली होती. ती उठेपर्यंत चढावर हँडब्रेक लावून थांबले.

पूर्ण घाटात ह्यांनी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. हात मांडीवर, नजर रस्त्यावर. कालचं बोलणं लागलं असेल. वर पोचून मी विश्रामगृहाच्या आवारात गाडी लावली, गिअर काढला, तेव्हा ठक ठक. थोडं थांबून पुन्हा ठक ठक. सुटलो एकदाचे, असं म्हणायचं असेल.

सरोवर दिसलं नाही. नुसतं धुकं. विश्रामगृहाच्या बाई हात करून म्हणाल्या, "तिकडे आहे." मी तिकडे बघून मान हलवली.

७ ऑक्टोबर
० किलोमीटर.

धुकं. खिडकीबाहेर वाळत घातलेले टॉवेल दिसतात, त्यापलीकडे जग नाही.

जेवणघरात लांब बाकं आहेत. एका कुटुंबाने दिवसभर पत्ते मांडले होते. त्यांच्यातली आजी राजरोस चोरून पत्ते बघत होती आणि सगळे तिला बघू देत होते. मी ह्यांना खुर्चीवर बसवून खिडकीशी बसले. बोलत होते मी. पाठीच्या औषधाबद्दल, छताच्या गळतीबद्दल, टॉवेल वाळणार कसे याबद्दल. दीड वर्ष झालं मला अशी एकटीने बोलायची सवय लागून. प्रश्न विचारायचा आणि दोघांच्या वतीने उत्तरही आपणच द्यायचं.

विश्रामगृहाच्या बाई म्हणाल्या, "कधीकधी चार-चार दिवस असंच असतं. लोक तसेच परत जातात आणि घरी सांगतात, सरोवर पाहिलं म्हणून."

मी मनात म्हटलं, न दिसलं तर सहीचं बोलायचं कधी? आणि लगेच स्वतःची लाज वाटली. इथवर ह्यांना आणलं ते सरोवरासाठी की सहीसाठी, हे आता माझं मलाच नीट सांगता येत नाही.

८ ऑक्टोबर
१२ किलोमीटर. एकूण ५१२.

दहा वाजता धुकं उठलं, तासाभरात सगळं लख्ख. गाडी जाते अशी एकच जागा आहे, सहा किलोमीटरवर. बाकी सगळीकडे पायऱ्या. मी गाडी कठड्याला तोंड करून लावली आणि आम्ही आतूनच बघितलं.

काय लिहू? डोंगराच्या काठावर उभं राहिलं की खाली एवढं मोठं भांडं आणि त्यात ते पाणी. कडेला हिरवट, आत निळं, मधे काळ्यासारखं निळं. कुठून नदी आत येत नाही, कुठे बाहेर जात नाही, असं पाटीवर लिहिलंय. जे आहे ते पावसाचं आणि बर्फाचं साठलेलं. वारा होता तो वर काठावर, खाली पाणी हलत नव्हतं. एवढं मोठं आणि सुंदर, आणि किती गप्प.

मग ह्यांच्याकडून आवाज आला. मी घाबरून बघितलं तर हे हसत होते. दीड वर्षात पहिल्यांदा. डावा हात उचलून बेटाकडे बोट दाखवत होते. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. बेट उजवीकडे आहे! चित्रात ते डावीकडे होतं. छापणाऱ्याने चित्र उलटं छापलं होतं, आणि ज्या माणसाने हजारोंना डावं-उजवं शिकवलं तो चौतीस वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसला होता. मलाही हसू आवरेना. दोघं हसत बसलो. शेजारच्या गाडीतले लोक बघायला लागले.

तिथेच थांबायला हवं होतं मी. पण मला वाटलं, हीच वेळ बरी. हसल्यावर माणूस मोकळा असतो.

मी कप्पा उघडला, नकाशा बाजूला केला, फॉर्म काढला. सगळं सांगितलं. खोली, बाग, नर्स, पाठ. दर रविवारी मी येईन हेही सांगितलं. हे ऐकत होते. तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. मी म्हटलं, "तुमची इच्छा नसेल तर नको." हे वाक्य मी घरूनच पाठ करून आणलं होतं.

ह्यांनी डावा हात पुढे केला. मी पेन दिलं, नकाशा खाली धरला. शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी गाडी चालवतो तशी त्यांनी सही केली, थांबत, चाचपडत, पण ओळीवर. पेन परत दिलं. मग डावा पाय ब्रेकवरून उचलला आणि दाराच्या बाजूला नेऊन ठेवला.

परतीच्या सहा किलोमीटरांत एकदाही ब्रेक नाही. एका ठिकाणी मी गिअर चुकीचा टाकला, गाडी खरखरली, तरी नाही. जेवण झाल्यावर टेबलाखालीही आवाज झाला नाही.

काम झालं. हलकं वाटेल असं वाटलं होतं.

९ ऑक्टोबर
० किलोमीटर. आज निघायचं होतं, निघाले नाही.

सकाळी मी आवारात गाडीची काच पुसत होते. पर्यटकांना काठावर फिरवणारा जीपवाला शेजारी त्याची जीप धूत होता. पन्नाशीचा माणूस, तोंड अखंड चालू. ऊन तिरपं होतं. बोलता बोलता तो आमच्या दारापाशी येऊन वाकून वाचायला लागला.

"ही मास्तरांची गाडी ना?"

मी सांगितलं, मास्तर आत आहेत, मी त्यांची बायको. तो ओला हात शर्टाला पुसत आत पळाला. ह्यांच्यासमोर बसला आणि ह्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. ह्यांना बोलता येत नाही हे कळल्यावर त्याने काही विचारलंही नाही. सव्वीस वर्षांपूर्वी शिकलेला. ह्यांनी त्याला ओळखलं, डोळ्यांत दिसलं मला.

नंतर बाहेर चहा पिताना तो मला म्हणाला, "तसंही मास्तर गाडीत बोलायचे कुठे? पहिल्या दिवशी सांगायचे, मी बोललो की तू माझ्या तोंडाकडे बघणार आणि रस्ता सुटणार. म्हणून सगळं पायाने. एकच लांब दाब, म्हणजे रस्त्याकडे बघ. दोन हलके, ठक ठक, म्हणजे छान जमलं."

मी कप खाली ठेवला.

"तीस दिवसांत मला फक्त दोनदा मिळालं, काकू. दुसऱ्यांदा मिळालं तेव्हा घरी जाऊन आईला सांगितलं. ते दोन ठोके मिळावेत म्हणून लोक जीव टाकायचे. तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

"हो," मी म्हटलं. "माहीत आहे की."

खोलीत येऊन ही वही उघडली. पहिल्यापासून वाचली. चौक, ट्रेलर, गल्ली, पंप, चढ, पूल. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं, वर रागाने मोजलेलं. पहिल्या दिवशीचे सात, त्यातला सायकलवाल्या बाईचा एक लांब वगळला तर सहा. दुसऱ्या दिवशीचे अकरा. घाट चढून आल्यावरचे दोन. एकोणीस. जीपवाल्याला महिन्यात दोन आणि मला तीन दिवसांत एकोणीस. म्हातारपणी मास्तर सैल झालेत, असं म्हणून बघितलं, पण हसू येईना.

मग ते टेबल आठवलं.

पोळपाट-लाटणं हातात घेतल्यापासून किती जेवणं झाली असतील? घाईघाईत केलेली, करपलेली, मनापासून केलेली. करपलेल्या दिवशी पाय वाजत नसे का? मी कधी लक्षच दिलं नाही. मी फक्त म्हणायचे, पाय हलवू नका. छत्तीस वर्षं म्हणत आले. आणि ह्या माणसाला तेव्हा तर तोंड होतं. एकदा सांगता आलं नसतं? रागही येतो. लिहिते, रागही खूप येतो. पण रागावून झाल्यावर आत जे उरतं ते राग नाही.

दुपारी मीच मुलाला फोन लावला. म्हटलं, ती खोली दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर देऊ दे.

"बाबांनी सही केली नाही का?"
"केली. लगेच केली."
"मग?"
"हजार झाल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असं मास्तरीण म्हणालीय."
"आई, ते गाडीबद्दल होतं."
"मी पण गाडीबद्दलच बोलतेय."

तो म्हणाला, "तुझ्या पाठीचं काय?" घरी गेल्यावर दिवसा मदतीला बाई बघायची असं ठरलं. पाठ लोखंडाची नाही, हे मला कळतं. हजारानंतर कदाचित मीच त्याला फोन करून दुसरी खोली बघायला सांगेन. फॉर्म फाडला नाही. या वहीतच ठेवलाय, सहीसकट.

१० ऑक्टोबर
८१ किलोमीटर. एकूण ५९३.

जीपवाल्याने सकाळी आमची काच पुसून ठेवली होती. हे गाडीत बसले आणि डावा पाय दाराशी नेऊन ठेवला.

घाट उतरताना मी प्रत्येक वळणानंतर वाट बघितली. बाविसावं, एकविसावं, विसावं. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, ब्रेकवर सारखा पाय ठेवायचा नाही, गिअरवर गाडी धरायची. मी एकही वळण बिघडवलं नाही. काही आलं नाही. चुकले असते तरी आलं नसतं, असं वाटायला लागलं. चौथ्या वळणापर्यंत माझे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

खाली सपाटीला लागल्यावर मी गाडी झाडाखाली घेतली. उतरून पलीकडे गेले, दार उघडलं, वाकले. पाठीत कळ आली. ह्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि ब्रेकवर ठेवला.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "जीपवाल्याने सांगितलं काल. तुम्ही तरी सांगायचं होतं ना एकदा." मग म्हटलं, "तो कागद वहीत आहे. खोली सोडली. अजून चारशे व्हायचेत, तोवर तुम्ही इथेच बसायचंय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पाय काढला नाही, पण हललाही नाही.

मी परत येऊन बसले, गाडी काढली. सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, पुढेमागे कुणी नाही. पाच-सात किलोमीटर गेले असतील. मी वेग कमी केला आणि माझ्या पायाने ब्रेक दाबला. हलका, दोनदा. तिकडचं पेडल ह्यांच्या पायाखाली दोनदा खाली गेलं.

आणि मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं.

लगेच एक लांब दाब आला आणि गाडी जवळजवळ थांबली. बरोबरच होतं. मी रस्त्याकडे बघत नव्हते.